मॅडमची विसरभोळी चौकट

"दाबा मामा, मनाला येईल तसं दाबा," म्हणत मॅडम माऊस माझ्याकडं सरकवायच्या.

बारामतीत मॅडम नोकरीला व्हत्या त्या कंप्युटरच्या हापिसात मी शिपाई. पण वेबसाईट तपासायला त्यास्नी मीच लागायचो. "शिकलेला माणूस नीट दाबतो, तुम्ही नाही," म्हणायच्या. माझ्या अडाणीपणाचा कुणाला उपयोग व्हतोय, हे ऐकून बायको दोन दिस हसत व्हती.

मॅडम वालचंदनगरच्या, रोज एस्टीनं यायच्या. तवा एका डेअरीचं पान बनवत व्हत्या. त्यात यादीतनं गाव निवडायची चौकट त्यांनी सोता घडवलेली. मला सांगायच्या, "बटन दाबलं की हे पान मरतं आणि नवं जन्मतं. चौकटसुद्धा. पण तिला मागचं गाव आठवलं पाहिजे."

"आन न्हाय आठवलं तर?"

"तर डेअरीचं काम जातं, आणि माझी नोकरी."

मग काय, मी आठवडाभर तपासलं. गाव निवडायचं, बटन दाबायचं, गाव तितंच. "लई हुशार चौकट हाय," मी म्हनलं.

डेअरीचे चेअरमन आबा बघाय आले. त्यांनी वडगाव निंबाळकर निवडलं, बटन दाबलं. स्क्रीनवर लोणी भापकर. परत दाबलं. लोणी भापकरच.

"पोरी, माझं गावच बदललंस की गं!"

हापिसाच्या मालकाचं तोंड बघवना. मॅडमनी मला हळूच इचारलं, "मामा, तुम्ही कुठलं गाव निवडत होता?"

"लोणी भापकर. माझंच. दुसरं वाचता कुठं येतंय?"

मला सापडावं म्हणून माझं गाव मॅडमनीच यादीत पयलं ठेवलेलं. आन चौकट इसरली की पयलं नाव दाखवायची. म्हंजी ती रोज इसरत व्हती आन मी रोज तिची पाठ थोपटत व्हतो! तुमीच सांगा, असला तपासनीस बघितलाय कुठं?

आता माझं नाव निघतंय म्हणून मी च्याच्या किटलीमागं सरकलो.

"चूक माझी आहे, आबा," मॅडम म्हनल्या. "चौकटीला गाव आठवल्यावर मी यादी पुन्हा भरतेय, त्यात आठवण पुसली जातेय. चौकट जन्मतानाच यादी भरायला हवी. अर्धा तास द्या."

आबांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बसतो. च्या सांगा."

च्या संपायच्या आत चौकट नीट झाली. मॅडम एकेक गाव वाचायच्या, आबा दाबायचे. एकबी गाव हललं न्हाय. काम ऱ्हायलं, मॅडमबी ऱ्हायल्या.

पुढं लगीन करून त्या पुण्याला गेल्या. आता त्यांच्या खुर्चीत नवे साहेब बसत्यात. चांगले हायेत. मी फरशी पुसत आलो की पाय वर उचलत्यात. मॅडम उठून उभ्या ऱ्हायच्या.