पहिला चेंडू साडूंचा

आमच्या साडूंइतक्या खुशीने अंगावर येणाऱ्या वस्तूला सामोरा जाणारा माणूस मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत दुसरा नसेल. हे मी अतिशयोक्ती वजा करून सांगतो आहे. हिशेबाच्या नोकरीत तेवढी सवय लागतेच. साध्या माणसाच्या दिशेने काही फेकले तर तो ते झेलतो किंवा चुकवतो. साडू दोन्ही करत नाहीत. ते हातपाय फाकवून पुढे येतात आणि अडवतात. एकदा माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून "भावोजी, घ्या" म्हणत पेरू फेकला. साडूंनी तो डाव्या पायाने असा परतवला की गॅलरीतून थेट खालच्या शेजाऱ्यांच्या पापडांवर पडला. वर आम्हालाच म्हणाले, "झेलायचं कशाला? आत गेला नाही ना, झालं!"

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बोरीवलीत, वय साठीपार, आणि काम एका व्यावसायिक हँडबॉल क्लबच्या गोलकीपरांना शिकवण्याचे. क्लब साधासुधा नाही. लीगचा चषक दोनदा आणलेला, खेळाडू पगारी, रोज दोन वेळा सराव. तरीही आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी "हँडबॉल म्हणजे व्हॉलीबॉलच ना?" असे विचारतात. म्हणजे विचारत असत. साडूंनी त्यांना पार्किंगच्या भिंतीपाशी उभे करून गोलकीपरने हातपाय फाकवून अंग कसे उघडायचे ते शिकवले, तेव्हापासून विचारत नाहीत.

या खेळात चेंडू हातातून निसटू नये म्हणून बोटांना राळ लावतात. खेळाडूंची राळ चेंडूला लागते आणि चेंडूची साडूंना. क्लबचा हॉल आमच्या घराजवळ असल्याने सराव संपला की ते चहाला येतात. इतर पाहुण्यांपुढे आम्ही आधी पाणी ठेवतो, साडूंपुढे खोबरेल तेलाची वाटी, कारण राळ पाण्याने सुटत नाही. तेल यायच्या आत त्यांनी ज्या वस्तूला हात लावला ती त्यांच्याबरोबर घरभर फिरते. एका साखरपुड्याला ते सरावावरून थेट आले आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांशी हस्तांदोलन केले. दोघे इतका वेळ हातात हात धरून उभे राहिले की व्हिडिओवाला नवरा-नवरी सोडून त्यांचेच शूटिंग करू लागला.

त्यांची खरी विद्या मात्र खांद्याची. चेंडू कुठे येणार हे फेकणाऱ्याच्या खांद्यावरून कळते, असे ते म्हणतात. "हात फसवतो रे, खांद्याला ते जमत नाही." ही विद्या ते हॉलबाहेरही चालवतात. स्टेशनबाहेर रिक्षावाला लांबून दिसला की सांगतात, "हा नाही येणार, सोड." मी मुद्दाम विचारून पाहिले आहे. बहुतेक वेळा तो येत नाही.

क्लबात एक प्रथा आहे. सरावाचा पहिला चेंडू कप्तानाने मारायचा आणि गोलात साडूंनी उभे राहायचे. पहिल्या चषकाच्या वर्षी ती गमतीत सुरू झाली. मग जिंकणाऱ्या संघाची प्रथा मोडायला कोण धजतो? साडूंनीच अट घातली होती, "ज्या दिवशी पहिला आत गेला, त्या दिवशी मी बाहेर." गेल्या वर्षी त्यांच्या एका बरगडीला चीर गेली. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अन्न गोड लागेना म्हणून मला फोन केला. "तुम्ही सरळ माणूस आहात. एकदा जाऊन बघा. खरंच अडवतात, की नुसत्या बाता?"

गेलो. हरियाणाचा सहा फुटी कप्तान धावत आला, उडाला, आणि चेंडू साडूंच्या छातीवर आला. साडूंनी अडवला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो, चेंडू छातीवरच. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच गोल मोकळा सोडून चेंडू रोज त्याच जागी कसा येतो? कप्तानाला बाजूला घेऊन विचारले. तो ओशाळला. "अंकल, सर को मत बताना. उनकी पसली में दरार आई, तब से हम सबने तय किया है. धीरे मारते हैं."

मी पेचात पडलो. ताईंना खरे सांगावे तर "पोरं दया करतात, मग जाता कशाला?" म्हणत त्या साडूंना उद्याच घरी बसवणार. न सांगावे तर त्यांच्या जिवाला बरगडीची काळजी. घरी बायकोला विचारले. ती म्हणाली, "पोरं हळू मारतायत ना? मग गप्प बस." मी ताईंना कळवले, "अडवतात." ते खोटे नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा कप्तानाचा घोटा दुखावलेला होता. पहिला चेंडू परदेशातून नुकत्याच आलेल्या डावखुऱ्याकडे गेला. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. तो उडाला. चेंडू साडूंच्या उजव्या हाताखालून गेला आणि जाळी थरथरत राहिली. कप्तान डावखुऱ्याकडे असा बघत होता की जणू त्याने एखाद्या वडीलधाऱ्याला धक्का मारला आहे.

साडू सावकाश बाहेर आले. डावखुऱ्याच्या पाठीवर त्यांनी जोरात थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! एकाने तरी मला गोलकीपर समजून मारला!" मग तरुण गोलकीपरकडे वळले. "बघतोस काय? जा, उभा राहा. देवळात चाललायस का, असा दबकत?"

घरी येताना आम्ही चालतच आलो. वाटेत मी विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांचे खांदे मी रोज वाचतो. मला नाही कळणार?"

"मग इतके दिवस उभे का राहिलात?"

साडू थांबले. शेजारून शाळेची बस गेली. मग म्हणाले, "अरे, रोज सकाळी एवढा मोठा गडी धावत यायचा, सगळी ताकद आवरून धरायचा, आणि माझ्या छातीवर हळूच चेंडू ठेवायचा. मला दोन मुली. दोघी लांब. ह्या वयात एवढं जपून कोण वागतं आपल्याशी?"

गाड्यांचा सिग्नल लाल झाला. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला, आणि पलीकडे पोहोचल्यावरही सोडला नाही.