पहिल्या दिवसापासूनचं लग्न

"नियम मले माहीत हाय, भाऊ. रस्ता सांग."

टेबलावर पिशवी ठेवायच्या आधी नर्सबाई हे वाक्य ठेवत. पांढरकवड्याला तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज करायला येणारा माणूस आधी रडगाणं गातो आणि मग कामावर येतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाईंचं उलटं होतं. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढल्यामुळं असेल, आधी सुई आणि मग विचारपूस असा त्यांचा खाक्या. निम्म्या गावाला त्यांनी जगात आणलं होतं, त्यामुळं माझ्या दुकानातली रांग मोडायचा हक्क त्यांना आहे असं त्या धरून चालत. रांगेतल्यांनाही तो मान्य होता.

बाई कॅथलिक आणि त्यांचे यजमान बौद्ध. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, आणि बाईही गुरुजीच म्हणत. लग्न ठरलं तेव्हाच्या फादरनी सांगितलं, आधी मुलाला बाप्तिस्मा घेऊ दे, मग लग्न लावतो. गुरुजी म्हणाले, माझ्या बापानं माणूस म्हणून जगता यावं म्हणून धम्म घेतला, तो मी बायको मिळावी म्हणून सोडणार नाही. बाईंनी तिसराच निर्णय घेतला. गुरुजींचं गाव केळापूर. तिथल्या विहारात, पांढरी साडी नेसून, बुद्धमूर्तीसमोर त्यांनी लग्न केलं.

चर्चच्या लेखी हे लग्न झालंच नाही. कॅथलिक माणसाचं लग्न फादर आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर लागावं, नाहीतर आधी परवानगी तरी घ्यावी, असा नियम. म्हणून बाईंना कम्युनियन बंद झालं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेत, सगळे पुढं जाऊन पवित्र भाकरीचा तुकडा जिभेवर घेतात, तेव्हा बाई शेवटच्या बाकावर गुडघे एका अंगाला करून लोकांना वाट देत. रविवार एकही चुकवला नाही. हे चाळीसहून जास्त वर्षं चाललं. मी दोन रविवारांत वैतागलो असतो.

मधल्या काळात दुसरे फादर आले. ते म्हणाले, आता बाप्तिस्म्याची अट नाही, गुरुजींनी गुरुजीच राहावं, फक्त चर्चमध्ये येऊन दोघांनी पुन्हा 'हो' म्हणावं. गुरुजी तयार झाले, त्यांनी शर्टाला इस्त्रीसुद्धा केली. अडून बसल्या त्या बाई. पुन्हा 'हो' म्हणायचं म्हणजे पहिलं 'हो' फुकट गेलं असं होतं, हा त्यांचा मुद्दा. त्या दिवशी आपण खोटं बोललो नव्हतो, हे त्या सगळ्यांना ठासून सांगत. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांत मीही होतो, कबूल करतो.

मग गुरुजींच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. आणि एका रविवारी चर्चमधल्या कुणी बाईंनी, अगदी मायेनं, नर्सबाईंना समजावलं की गुरुजींच्या मागं तुमचा प्रश्न आपोआप सुटेल. नियमानं ते खरंच होतं. नवरा गेल्यावर कम्युनियनला कुणी अडवलं नसतं. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या.

"तो मेल्यावर जे दार उघडते, त्या दारातून मले जायचं नाई," त्या म्हणाल्या. "तो जिता हाय तवरच पायजे. लिव अर्ज."

रस्ता नव्या फादरनी सांगितला होता. केरळचा तरुण माणूस, मराठी पुस्तकासारखी बोलणारा. चर्चच्या कायद्यात अशी एक सोय आहे की बिशपसाहेब जुनंच लग्न मुळापासून वैध ठरवू शकतात. पुन्हा शपथ नाही, समारंभ नाही. दोघांनी तेव्हा मनापासून शब्द दिला होता आणि तो आजही कायम आहे, एवढं दिसलं पाहिजे. मात्र दोघंही हयात हवेत. फादरनी बाईंना मागचा इतिहासही सांगितला. शेकडो वर्षं दोघांनी एकमेकांना शब्द दिला की चर्च त्याला लग्न मानत असे. पुढं पुरुष गुपचूप शब्द देऊन उलटायला लागले, तेव्हा फादर आणि साक्षीदार सक्तीचे झाले. आजही शिकवण हीच आहे की लग्न लावतात ते दोघंच, फादर फक्त साक्षीला.

"म्हंजे नियम बाईच्या भल्यासाठी केला," बाई मला म्हणाल्या, "अन् माह्याच आडवा आला." त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

अर्ज मी टाइप केला. आयुष्यभर तहसीलचेच अर्ज केलेले, बोटं आपोआप चालली: 'विषय – सन्माननीय बिशपसाहेबांनी विवाह नियमानुकूल करून देणेबाबत.' बाईंनी चष्मा चढवून वाचलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी शाळेतला पोरगा झालो. हे काय गायरानावरचं अतिक्रमण आहे का, असं त्यांनी विचारलं. मी कागद फाडला. दुसऱ्यांदा त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी फक्त टाइप केलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'आमचे लग्न झालेले आहे, त्याबाबत.'

लग्नाला हजर असलेले साक्षीदार हवे होते. एक म्हातारे केळापुरात सापडले. त्यांना लग्नातली बुंदी तेवढी आठवत होती. बाई त्यांच्या खाटेशी दुपारभर बसल्या. संध्याकाळी म्हाताऱ्यांनी आठवून सांगितलं की नवरीनं प्रतिज्ञा इतक्या मोठ्यानं म्हटली की मागं उभे असलेले हसले होते. ते तसंच्या तसं लिहून त्यांचा अंगठा घेतला.

अर्ज गेला. डायलिसिससाठी दर आठवड्याला यवतमाळच्या चकरा सुरू होत्या. बाई बसमधून उतरल्या की आधी चर्चमध्ये जाऊन पत्र आलं का विचारत, मग घरी. गुरुजी वाळत चालले होते. फादरही दर दोन दिवसांनी बिशपसाहेबांच्या कचेरीला फोन करत होते. बाईंनी त्यांना पर्याय ठेवला नव्हता.

पत्र आलं तेव्हा फादर ते घेऊन घरी गेले. मलाही बोलावलं होतं. लग्न झालं त्या दिवसापासून ते वैध मानावं, असं लिहिलं होतं. उशीला टेकून बसलेल्या गुरुजींनी आपल्याला काही म्हणावं लागेल का, ते विचारलं. फादर म्हणाले, तुम्ही तेव्हा म्हणालात तेवढं पुरे आहे.

"मी तं हे पहिल्या दिवशीच सांगत होतो," गुरुजी म्हणाले.

कम्युनियनआधी फादरपुढं पापं कबूल करावी लागतात, त्या कन्फेशनसाठी बाई फादरसोबत स्वयंपाकघरात गेल्या. आता माझ्याच चुका सांगत असेल, असं गुरुजी मला हळूच म्हणाले. रविवारी ते हट्टानं ऑटोतून चर्चला आले आणि शेवटच्या बाकावर बसले. बाई रांगेतून पुढं गेल्या, परत येऊन त्यांच्याशेजारी बसल्या, आणि गुरुजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेरा दिवसांनी गुरुजी गेले.

बाईही आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरला मुलीकडं त्या वारल्या. मला आठवतात त्या गुरुजींनंतरच्या आठवड्यातल्या. दोन कागद करायला आल्या होत्या. एक कोषागाराचा, कुटुंब पेन्शनसाठी. दुसरा फादरना, गुरुजींसाठी मिस्सा मागणारा. दोन्हींत त्यांच्या नावापुढं मी 'विधवा' टाइप केलं होतं. बाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एका कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावरच्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

"आता कोनत्याई कागदात पाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी त्याचीच विधवा हाय."