चांगल्या कपबशांशेजारचा डबा

आता बसलाच आहात चहाला, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर आमच्या सोसायटीत ती तुम्हाला कोणीही सांगेल, आणि तीही अशुद्ध मराठीत.

दर रविवारी सकाळी मी माझ्या नातीला, इराला, व्हिडिओ कॉलवर मराठी वाचायला शिकवते. ती परदेशात, मी खारघरला. शेजारच्या म्हात्रेबाई, मूळच्या इथल्याच, बाजारातल्या गाळ्यांच्या मालकीण, मुद्दाम येऊन बाजूला बसायच्या. इरा ओळ वाचायची आणि विचारायची, "म्हात्रेआजी, बरोबर?" बाईंचे शिक्षण जेमतेम, पण मान अशी डोलवायच्या, की परीक्षकच!

मग नेट रडू लागले. इराचे तोंड उघडे ते उघडेच थिजायचे. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, असंच चाललं तर तिला इथल्या क्लासला घालतो." त्या क्लासात म्हणे 'मी आली, मी गेली' चालते. मी गप्प बसेन?

कंपनीकडे तक्रार केली. चव्हाण नावाचे गृहस्थ येणार होते. निघताना त्यांनी फोन केला. मी चांगल्या कपबशा काढल्या. कपबशांशेजारचा इंटरनेटचा डबाही काढला, पुसला आणि टीपॉयवर विणलेल्या रुमालावर मांडला. वस्तू कंपनीची, ती भिंतीवर धूळ खात लटकवणे मला मान्य नाही. माझ्याकडे ती लोखंडी कपाटात असते. दाराच्या फटीतून वायर आत घेतली आहे.

चव्हाणांनी तपासले. "आज्जी, स्पीड एक नंबर हाय की." चहा पिऊन ते गेले. मी कपबशा धुतल्या, डबा पुसला, सगळे जागच्या जागी ठेवले. रविवारी इरा पुन्हा थिजलेली!

असे किती वेळा घडले, विचारू नका. अखेर चव्हाणही वैतागले, म्हणाले, मी असेपर्यंत झकास चालते, गेलो की बिघडते, म्हणजे दुसरे कोणी वापरत असेल. पासवर्ड कुणाला दिला आहे का, असे त्यांनी विचारले. दिला होता ना! म्हात्रेबाईंच्या नातवाला, दिवाळीत.

मग काय? सोसायटीच्या सभेत उभी राहिले आणि अगदी शुद्ध, स्वच्छ शब्दांत विचारले, "ज्यांच्या घरी इतक्या गाळ्यांचे भाडे येते, त्यांनी शेजाऱ्याचे नेट चोरावे?" सगळ्यांनी वळून म्हात्रेबाईंकडे पाहिले. बाई उठून घरी गेल्या.

नेट तरीही रडतच होते. पुढच्या खेपेला चव्हाण यायचे होते म्हणून घराचे दार उघडे ठेवून मी कपाट आवरत होते. म्हात्रेबाई आत आल्या. नातवाचा फोन पुढे धरला, यात तुमचे नेट आहे का, तुम्हीच तपासून बघा म्हणाल्या. माझ्या हातात डबा. त्यांनी डब्याकडे पाहिले, मग कपाटाकडे.

"ताई, यो डबा कपाटान ऱ्हातो?"

"अर्थात. पाहुणे आले की काढते."

"आन रविवारी?"

रविवारी पाहुणे कुठे असतात? रविवारी म्हात्रेबाईच असायच्या. त्यांना चहा रोजच्याच कपात.

चव्हाणांनी येऊन कपाटाचे दार एकदा लावून, एकदा उघडून मला दाखवले. लोखंडाच्या दाराआड नेट कोंडते! मॅट्रिकला विज्ञान मलाही होते हो. म्हात्रेबाई तोवर निघून गेल्या होत्या. हसल्या असत्या, तर बरे झाले असते.

क्षमा मागायला गेले. त्यांची सून दारातूनच म्हणाली, आई झोपल्यात. पुन्हा गेले, तेव्हाही झोपल्याच होत्या. भर सकाळी!

आता डबा कायम टीपॉयवर असतो. इराची पापणीन् पापणी दिसते. परवाच्या रविवारी तिने अख्खे पान न अडखळता वाचले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारले, "आजी, म्हात्रेआजी का नाही येत आता?"

आवाज असा, जणू मांडीवर बसून बोलते आहे. मी स्क्रीनवरची नजर काढली आणि म्हणाले,

"काय म्हणतेस बाळा? आवाज तुटतोय गं तुझा."