कंदिलाच्या उजेडात काळं झालेलं लुगडं

माझ्या लग्नाचा बस्ता परभणीत बांधला, ते साल पंच्याहत्तर असेल. दोन्हीकडची माणसं कापडाच्या दुकानात गाद्यांवर बसली होती. सासूबाईंनी आपणहून माझ्या आईला विचारलं, "विहीणबाई, लेकीला कोणतं शोभंल?" आईनं गर्द हिरवं लुगडं उचललं. वर ट्यूबलाइट लखलखत होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

परतताना पाहुणे मंडळी आमच्या गावी मुक्कामाला थांबली. गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. बस्ता आला की बायका तो त्याच संध्याकाळी उघडणार, उजाडेपर्यंत कुणाला दम निघणार? कंदिलासमोर सासूबाईंनी घडी मोडली आणि त्यांचा चेहराच उतरला. "काळं हाय की हे. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं हात लावल्यावर दुसरं काय होनार? लग्नात त्यायला पुढं येऊ देऊ नका." माझे वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आई उठून आत चुलीपाशी गेली.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. डोळ्याचा धडा आला की दरवर्षी माझं डोकं तापायचं. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. मिणमिणत्या उजेडात त्या हात टेकतात आणि ज्या पेशी काम करत राहतात त्यांना रंग कळतच नाही. त्यात कंदिलाचा उजेड पिवळा. मेंदूला एवढीच खबर पोचली, तर तो गर्द हिरव्याला काळं म्हणणारच. म्हणू दे. पण आपले डोळे फसले असतील, असं तिथल्या एकीच्याही मनात येऊ नये? विधवेचा हात मात्र लगेच सापडला!

सकाळी अंगणात लुगडं हिरवंगार. सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, "हिरवंच हाय की," म्हणाल्या आणि पिशवीत भरलं. आईबद्दल चकार शब्द नाही. आई चुलीपासून उठलीच नव्हती. मी काकांना म्हणाले, "मग माय लग्नात बसंल की." ते म्हणाले, "त्यायच्या तोंडून शब्द गेलाय, आता मागं येत नाही. तू वाढवू नको." लुगडं सुटलं, आई अडकली. मला असा संताप आला की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लग्नात भर उन्हात बायका माझ्या लुगड्याच्या रंगाचं कौतुक करत होत्या. अक्षता पडल्या तरी आई मागच्या अंधाऱ्या कोठीतच. लुगडं हिरवंच आहे, हे मी तिला सांगितलं होतं, पण मी समजूत घालतेय असं तिला वाटलं होतं. पाया पडायला गेले, तर तिनं माझा पदर चाचपला. "काळं तर काळं, अंगावर चांगलं दिसायलंय." मी तिला हाताला धरून ओढतच बाहेर उन्हात आणलं. सासूबाई बघत होत्या. बघू देत. आईनं पदर उन्हात धरून पाहिला.

"हिरवं हाय की गं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच हातानं काळं झालं."