स्विचपाशी कोण आहे
ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटच्या हाताला आज मशीनच्या ऑइलचा वास आला आणि मला मोशीच्या घरातली एक संध्याकाळ आठवली. दुसऱ्या दिवशी चाकणच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, आणि घाबरलेल्या पेशंटशी कसं बोलाल, हे हमखास विचारणार होते. बाबा कंपनीतून आले होते, हाच वास घेऊन. त्यांना पेशंट म्हणून सोफ्यावर आडवं केलं आणि भुलीचे धोके घडाघडा म्हणून दाखवले. ते शांतपणे म्हणाले, “आणि मी उठलोच नाही तर?” मी पुन्हा धोक्यांची टक्केवारी सांगायला लागले. शेवटी तेच उठून बसले. “अगं, दुरुस्तीला पत्रा दाबायच्या प्रेस मशीनच्या आत शिरताना मलाही भीती वाटते. स्विचला कुलूप लावलेलं असतं, तरी तिथं कोण उभं आहे ते मी बघतो. तो ‘मी हलत नाही’ म्हणाला, की मगच डोकं आत घालतो.” मुलाखतीत मी काय बोलले, ते आता आठवत नाही. आज त्या पेशंटने माझं मनगट घट्ट धरलं. “उठेन ना मी, मॅडम?” “मी तुमच्या उशाशीच आहे. तुम्ही उठेपर्यंत हलत नाही,” मी म्हटलं. त्याने डोळे मिटले. मी स्टूल जवळ ओढलं आणि मगच भूल द्यायला सुरुवात केली.