व्हॅक्यूम सरांनी वाचलेला शेवट

टॉकीजच्या पडद्यावर अंतराळयान फुटलं, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ ताडकन उभे राहून पडद्यावर ओरडले, "अरे, हवा कहाँ है उधर? आवाज आया कैसे?"

मी हादरलेच. तेव्हा मी शाळेत होते आणि मोठी माणसं पडद्याशी भांडतात हे मला माहीत नव्हतं. मागून कुणीतरी तेलुगूत "कूर्चोंडि सार, कूर्चोंडि" म्हणत त्यांना खाली बसवलं. दुसरं यान फुटलं तसे ते पुन्हा उठले. "निर्वातात आवाज जात नाही, हे दहावीच्या पुस्तकात हाये!" अख्खं टॉकीज हसत होतं आणि ते खरोखर रागावले होते. ते शिकवत त्या ज्युनिअर कॉलेजची पोरं मागच्या रांगेत होती. दुसऱ्या दिवसापासून अदिलाबादभर त्यांचं नाव 'व्हॅक्यूम सर' झालं. सरांना ते आवडायचं. "निदान शब्द तरी बरोबर हाये," म्हणायचे.

व्हॅक्यूम सर अदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात आमच्या समोरच्या घरात राहायचे. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले: घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, बाजारात हिंदी. आमच्या घरात मात्र आणखी एक भाषा होती, पत्रकांची. माझे बाबा मराठी शाळेत मास्तर. अंधश्रद्धेविरुद्ध, दारूविरुद्ध, मराठी शाळा वाचवण्यासाठी ते पत्रकं छापायचे आणि गावोगाव वाटायचे. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. 'जागे व्हा' हे मी स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य. अशा घरातली मुलगी रविवारी समोरच्या घरी जपानी कार्टून बघायला जाते, हे बाबांना लागायचं. कार्टून म्हटलं की सरांना लागायचं. "गुरुजी, त्याले अ‍ॅनिमे म्हनतात," ते शांतपणे सांगायचे, "अन् तुमची पत्रकं बी सायन्स फिक्शनच हायेत. आज असं चाललं तं उद्या कसं होईल, हेच लिहिता ना तुमी?" बाबांशी असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. बाबा लाल झाले, उठून गेले आणि काही दिवसांनी त्यांच्या नव्या पत्रकाची सुरुवात होती: 'कल्पना करा, पन्नास वर्षांनंतरचं अदिलाबाद.'

परदेशी सायन्स फिक्शनवर सरांचा कायमचा राग होता. "हे परग्रहावरचे लोक दर वेळी मोठ्या शहरातच काऊन उतरतात? आपल्या जैनथले एक तरी यान उतरलं काय? एवढी कापसाची पऱ्हाटी उभी हाये, दिसत नाही काय त्यायले?" आम्ही पोरं हसायचो. दुसरा राग स्वयंपाकघराचा. "यान पाहा, गावाएवढं. अन् चूल कुठं हाये? हे लोक खातात काय, स्क्रू?" जपानी मालिका त्यांना आवडायच्या त्या यासाठी. तिथं भात शिजतो, वाफ निघते, जग बुडायला आलं तरी मागे कुणीतरी भांडी घासत असतं. एखादी मालिका चांगली की वाईट हे ते तिच्यातल्या जेवणावरून ठरवायचे, आणि मी कबूल करते, त्यांचा अंदाज क्वचितच चुकायचा.

यंत्रमानवांबद्दल त्यांचं एक वाक्य मी पुढे कितीतरी ठिकाणी वापरलं. "यंत्र मानसासारखं झालं का सगळे भेतात. मानूस यंत्रासारखा झाला तं त्याले बढती देतात."

पण त्यांचं सगळ्यात कडक मत मरणाबद्दल होतं. मेला तो मेला पाहिजे. एकदा गल्लीतल्या आम्हा पोरांना घेऊन ते सिनेमाला गेले. मधे मेलेला नायक शेवटाजवळ हसत परत आला. सर उठले. "चला रे पोट्टेहो. बेइमानी झाली." आम्ही रडकुंडीला आलो, शेवट तरी बघू द्या म्हणालो. त्यांनी आम्हाला शेवट बघू न देताच बाहेर काढलं आणि पायऱ्यांवर उभं करून सांगितलं, "ज्यानं गोष्ट सांगाची, त्यानं इमानानं सांगाची. पाहनाऱ्याले फसवायचं नाही." पत्रकांवर वाढलेल्या मला ते एखाद्या शपथेसारखं वाटलं.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून अ‍ॅनिमे चालायचं. आवाज जपानी, खाली इंग्रजी ओळी. आम्ही मराठी शाळेतली पोरं. एक शब्द जुळवेपर्यंत ओळ निघून जायची. म्हणून सर टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, अर्धं तोंड पडद्याकडे, अर्धं आमच्याकडे, आणि ओळ आली की ती आमच्या बोलीत सांगायचे. त्यामुळे आमचे सगळे यंत्रमानव वऱ्हाडी बोलायचे. "काऊन बे, मले सोडून चालला काय?" असं एक लोखंडी राक्षस म्हणायचा आणि आम्ही हमसून रडायचो. काकू, म्हणजे सरांच्या बायको, भाजलेल्या शेंगांचं ताट मधे ठेवून जायच्या. जपानी लोक असंच बोलतात याबद्दल आम्हाला काही शंका नव्हती.

एक मालिका आम्हा सगळ्यांचा जीव की प्राण होती. तिच्यात शाळकरी वयाची एक मुलगी प्रचंड यंत्र चालवते. सर तिला 'पायलटबाई' म्हणायचे. वरिष्ठ तिला हुकूम देतात, समोरच्या शहरावर तोफ डाग. शहरात माणसं आहेत हे तिला दिसतंय. तिचं बोट कळीवर येतं. पडदा पांढरा होतो. तिचा आवाज येतो, खाली ओळ येते. आम्ही सरांच्या तोंडाकडे बघत होतो. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही डागनार मी. काय करायचं ते करून घ्या."

माझ्या अंगावर काटा आला. बाबांच्या सगळ्या पत्रकांनी मला जे सांगायचं होतं ते त्या मुलीनं एका वाक्यात सांगितलं होतं. पुढच्या रविवारी शहर जळताना दिसलं. आम्ही विचारलं, तिनं तर तोफ डागली नाही, मग आग कशी लागली? सर म्हणाले, "शॉर्टसर्किट." पायलटबाई त्यानंतर भागामागून भाग रडत राहिली. का, विचारल्यावर म्हणाले, "घरची आठवन येऊन राह्यली." सगळं जग तिला दोष देत होतं आणि ती निर्दोष होती. मी तिच्या बाजूनं मुठी आवळून बसायचे.

मोठी झाले, शिकले, जैनथकडच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकवायला लागले. सीमेवरची गावं, वर्गातली बहुतेक लेकरं मराठी बोलणाऱ्यांची. त्या शाळेत एक पाटी होती, दोरी लावलेली. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'मी आज मराठी बोललो.' जो बोलेल त्याच्या गळ्यात ती दिवसभर अडकवायची. लहान लेकराच्या गळ्यात त्याच्या आईची भाषा गुन्हा म्हणून टांगायची, याला तिथं शिस्त म्हणत. एक दिवस दुसरीतल्या एका मुलीनं "पानी पायजे" म्हटलं. प्रिन्सिपल मॅडमनी पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, घाला. मुलीनं स्वतःहून मान पुढे केली. तिला सवय होती. मला त्या मानेचा धक्का बसला, अजून बसतो. माझ्या हातात दोरी होती आणि डोळ्यांपुढे तो पांढरा पडदा होता. मी पाटी मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "नाही घालणार. काय करायचं ते करा." उद्यापासून येऊ नका, हे त्यांनी उत्तम इंग्रजीत सांगितलं.

मला दुःख नव्हतं, अभिमान होता. तो अभिमान घेऊन मी बासरला मावसबहिणीला भेटायला गेले; ती तिथल्या कॉलेजात शिकते. कॅम्पसबाहेर चहा घेताना तिच्या मैत्रिणींना मी सगळं सांगितलं, पायलटबाईसकट. त्या मुली अ‍ॅनिमे जाणणाऱ्या होत्या. त्यांच्यातली एक तेलुगू मुलगी कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "दीदी, पर वो तो चला देती है।"

मी भांडले. मी पाहिलंय, म्हणाले. लहानपणापासून पाठ आहे मला. तिनं वाद घातला नाही. फोन काढला, तो भाग लावला, माझ्यापुढे धरला. बोट कळीवर. पांढरा पडदा. तोच आवाज. आणि खाली इंग्रजीत, जी आता मला सहज वाचता येत होती, ती ओळ: 'मी तोफ डागली. मला माफ करू नका.'

सगळ्या जगासाठी त्या भागाचा शेवट एक होता. फक्त मावल्यातल्या आमच्या गल्लीपुरता वेगळा होता.

परतीच्या बसमध्ये मला काही सुचत नव्हतं. इमानानं सांगाची, म्हणून आम्हाला शेवटाआधी उठवणारा हाच माणूस? बस थांबताच मी घरी न जाता समोर गेले. सर निवृत्त झाले होते आणि कायमचे मुलाकडे हैदराबादला निघाले होते. खोके बांधणं चाललं होतं. मी पाणीही न पिता विचारलं, "सर, पायलटबाईनं तोफ डागली होती?"

सरांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "कोनं सांगतलं तुले?"

"म्हणजे डागली होती."

"डागली होती," ते म्हणाले. "ओळ आली, म्या वाचली, तुमच्याकडं पाह्यलं. तुमी टीव्हीकडं पाहून नाही राह्यले होते, माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. तू तं सगळ्यात पुढं. अन् तोंडातून भलतंच निघून गेलं."

"मग पुढच्या रविवारी दुरुस्त करायचं ना!"

"पुढच्या रविवारी शहर जळत होतं ना बाप्पा. काय सांगतो मंग?"

आतून काकू म्हणाल्या, "म्या तवाच म्हनलं होतं यायले, एवढे शॉर्टसर्किट नोका करू. पोट्टे कवातरी मोठे होतीन."

मला हसू आलं नाही. मी पाटीची गोष्ट सांगितली, नोकरीची सांगितली. सांगता सांगता पाहिलं तर सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "माह्या गोष्टीपायी तुयी नोकरी गेली?" ते उठले आणि चपला शोधायला लागले. "चाल. त्या मॅडमकडं जाऊ. मी सांगतो, पोरीची चूक नाही, तिले चुकीचं सांगतलं होतं. मी हात जोडतो."

जपानी मालिकेच्या चुकीच्या भाषांतराबद्दल हा माणूस जैनथला जाऊन माफी मागणार होता, आणि ते गंमत करत नव्हते. आता हादरायची पाळी पुन्हा माझी होती.

"सर," मी म्हणाले, "ती पाटी त्या लेकराच्या गळ्यातच जायची होती. ते तुम्ही नव्हतं वाचून दाखवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं."

ते खाली बसले. एक चप्पल पायात, एक हातात.

"मूळ गोष्ट मोठी हाये," मग म्हणाले. "तिनं तोफ डागली. उरलेली सगळी गोष्ट, ते वझं घेऊन कसं जगाचं, याची हाये. म्हनून रडते ते. म्या तुमाले आठवन येते म्हनून सांगतलं. लय लहान करून टाकली गोष्ट."

"काऊन, सर?"

"भेलो," ते म्हणाले. "तुमच्या तोंडाले भेलो."

निघताना त्यांनी तो जुना पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "जसं हाये तसं वाच," एवढंच म्हणाले. मी पाया पडले. राग गेला होता असं म्हणणं खोटं होईल. पण त्या घराला कुलूप लागलं तेव्हा मला गल्लीतला आवाज कमी झाल्यासारखा वाटला.

आता रविवारी दुपारी आमच्याकडे पोरं येतात. बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे त्यांना बसायला होतात. बाबा कुरकुरतात आणि स्वतःही मागे उभे राहून बघतात. मी टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकते आणि वाचते. मागच्या रविवारी तो भाग आला. बोट कळीवर गेलं, पडदा पांढरा झाला. मी पोरांकडे पाहिलं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि सर कशाला भ्याले होते ते मला कळलं.

मी ओळ होती तशी वाचली. "मी तोफ डागली. मला माफ करू नका."

एक पोरगं रडायच्या बेतात होतं. मग सगळ्यात पुढे बसलेली ऋतुजा पडद्याकडे रागानं बघत म्हणाली, "मी नसती डागली."

"तुले मारलं असतं त्यायनं," तिचा भाऊ म्हणाला.

"मारू दे. नसती डागली म्हंजे नसती डागली."

पोरं गेल्यावर मी हैदराबादला फोन लावला. खरं वाचलं म्हणून सांगितलं, आणि ऋतुजा काय म्हणाली तेही, तिच्याच शब्दांत.

पलीकडून सरांनी नाक ओढल्याचा आवाज आला आणि ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कोनाची पोट्टी हाये थे?"