अर्लिनची वाघनखी

अर्लिन अँटोन ही चोवीस वर्षांची पोरगी बर्मिंगहॅमला पाण्याचं शास्त्र शिकायला आली ती ॲरिझोनातनं, म्हणजे जिथं पाणीच नाही तिथनं. आमचं बिऱ्हाड बर्मिंगहॅमलाच. मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "बाई, मी माण तालुक्यातली. तुला टँकर म्हंजे काय ते सांगाया लागंल का?"

"काकू, आमच्याकडचा टँकर माझा मामाच चालवतो," ती म्हणाली. झालं, आमचं जमलं.

कौन्सिल भाजीपाल्याला भाड्यानं जमिनीचे तुकडे देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. तिथं तिचा तुकडा आमच्या बांधाला बांध लागून. पोरगी ओओदम. ही तिथल्या वाळवंटातली मूळची माणसं, गोरे यायच्या आधीपासनंची. त्यांच्या रानाच्या मधनंच अमेरिका-मेक्सिकोची हद्द गेली आणि निम्मे पाहुणे कुंपणापलीकडं राहिले. हे ती सांगायची, पण रडगाणं लावायची नाही. कानात त्यांच्याकडच्या नाचाची अकॉर्डियनची गाणी, आणि कुदळ मारता मारता पाय आपले ठेका धरलेले. पलीकडच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "तुझं खरं नाव काय गं? सिनेमातल्या रेड इंडियनांसारखं, पिसंबिसं असलेलं?"

"अर्लिनच. आईच्या बाळंतपणाला जी नर्स होती, तिचं."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

तिच्याजवळ एक अर्धी टोपली होती. आजीनं विणायला घेतलेली. आजीला ती 'हुउल' म्हणते. आजीची बोटं आखडली, तेव्हा टोपली हिच्या हातात आली. "डिसेंबरात येशील तेव्हा पुरी करून आण," एवढंच आजी बोलली. पांढऱ्याला लागणारी पात भरपूर होती, पण नक्षीचं काळं संपलं. ते रंगवून चालत नाही. एका झाडाची शेंग वाळली की तिची काळी साल सोलायची आणि तिच्यानं विणायचं. आजीनं औंदा पेरलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाकडं मागायचं सोडून अर्लिननं फोनवर फुशारकी मारली, "मी इथं पिकवते!"

आजी म्हणाली, "पिकव. मग बोल."

कागदपत्रं करून बी आलं आणि प्लास्टिकच्या पॉलीटनेलमध्ये पेरलं गेलं. झाड कसलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सप्टेंबरात ती आठवडाभर नद्या मोजायला स्कॉटलंडला निघाली. म्हणाली, "काकू, आत तेवढं पाणी घालाल? माझं सगळं त्यात आहे."

मी आत शिरले आणि बघते तर टोमॅटोच्या मागं वाघनखी माजलेली! तीच चिकट पानं, तोच घाण वास. आमच्या बांधावर हीच. लहानपणी हिच्या नख्या परकराला अडकायच्या. शेंगा मात्र वीत-वीत लांब. म्हटलं, विलायतेत तणसुद्धा खाऊन-पिऊन सुखी! पोरगी अभ्यासात, तिला कुठलं तण ओळखतंय? घेतलं खुरपं आणि सकाळच्या पारी सगळं भांगलून काढलं. एक रोप ठेवलं नाही. टोमॅटोला मात्र पोटभर पाणी घातलं.

ती आली, पॉलीटनेलमध्ये गेली आणि लगेच बाहेर आली.

"काकू, इथलं काय झालं?"

"तण काढलं गं. चहा पाजशील का न्हाई?"

ती खाली बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी तण म्हणून उपटलेली वाघनखी हेच तिचं काळ्या सालीचं झाड. माणातल्या बाईनं दुसऱ्याचं उभं पीक उपटावं? तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी तशीच कंपोस्टच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. बटाट्याच्या साली, कोबीचा पाला, आणि खाली चिखलानं माखलेल्या चौदा हिरव्या शेंगा.

"वाळल्या आणि उकलल्या तर उपयोग. नाहीतर हुउलपुढं मी गेले," अर्लिन म्हणाली.

इथल्या हवेत काय वाळणार! पण आमच्या घरी बॉयलरचं कपाट आहे, टॉवेल ठेवायचं, आत कायम ऊब. त्यात दोरी बांधून शेंगा टांगल्या. अर्लिन रोज कामावर आल्यासारखी येऊन कपाट उघडून बघायची. बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी आमचे मालक, संजय, अंघोळीला जाताना टॉवेल घ्यायला गेले आणि बोंबललेच.

"अगं, काय तरी डसलं! बनियन धरलंय!"

"अहो, हलू नका! मोडंल ती!"

"आणि मी मोडलो तर?"

"तुमचं काय, तुम्ही बरे व्हाल!"

शेंग उकलून तिच्या दोन काळ्याभोर नख्या झाल्या होत्या आणि दोन्ही त्यांच्या पाठीत. अर्लिन पळत आली. त्यांना दारात उभं करून तिनं आधी नख्या सोडवल्या, मग माणूस. चौदातल्या नऊ उकलल्या. तिनं साल भिजवली, सोलली आणि महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात बसून विणत राहिली. काळं शेवटच्या ओळीला कमी पडलं, म्हणून नक्षी तिनं जरा अरुंद केली.

डिसेंबरात ती घरी गेली आणि तिथनं व्हिडिओ फोन केला. पलीकडं हुउल टोपली हातात घेऊन बसलेली. उलटीपालटी करून बघत होती.

"काठ अरुंद आहे," आजी म्हणाली.

अर्लिननं सगळं खरं सांगितलं. आजीनं फोनमधनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मुळासकट काढलं?"

"मुळासकट," अर्लिन म्हणाली.

"एकपण राहिलं नाही?"

"एकपण नाही."

आजीनं टोपली मांडीवर ठेवली. "मग त्या बाईला इकडं पाठव. माझ्या अंगणात लई तण माजलंय."

मी खुरपं धुऊन ठेवलंय.